राहिलेलं बाळ शोधायचं कसं? सेवा-क्लब, तरुण मुलं आणि रोगनिर्मूलन : वाचकांचे प्रश्न

सेवा-क्लबांच्या आरोग्यकामाबद्दल आणि युवक-उपक्रमांबद्दल प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : भारत पोलिओमुक्त झाला, असं आम्हीच वर्गात शिकवतो. मग रोटरी या सेवा-क्लबची मंडळी आणि आरोग्य खातं अजून बूथ का मांडतात? मुलांनी विचारलं तर काय सांगावं? (शिक्षक, चोपडा)

मुलांना तारखांसकट सांगा, त्यांना ते चांगलं समजतं. आपल्या देशातला रानटी (म्हणजे लशीतला नव्हे, निसर्गात फिरणाऱ्या) विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आजारी पडला. ती पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली एक लहान मुलगी होती. पुढची तीन वर्षं एकही रुग्ण नाही, हे तपासून झाल्यावर २७ मार्च २०१४ला आपल्याला प्रमाणपत्र मिळालं. पण विषाणू पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अजून फिरतो आहे, आणि तो कुठे पोचेल याचा नेम नाही. आफ्रिका खंडाला ऑगस्ट २०२०मध्ये रानटी पोलिओपासून मुक्त जाहीर केलं, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये मलावीत एक मूल सापडलं. त्याच्या शरीरातल्या विषाणूचं मूळ पाकिस्तानातलं निघालं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पोलिओची लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांमधून एखादंच लुळं पडतं. बाकीच्यांना फार तर ताप येतो, आणि तेवढ्या काळात विषाणू त्यांच्या शौचातून बाहेर पडत राहतो. म्हणजे पहिलं लुळं मूल दिसेपर्यंत विषाणू शेकडो घरं फिरून आलेला असतो. रुग्ण दिसल्यावर जागं व्हायचं, ही सोय या रोगात नाही.

तिसरी गोष्ट वरच्या वर्गातल्या मुलांसाठी. थेंबांच्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. गावातली सगळी मुलं लस घेतलेली असली तर तो लवकरच संपतो. बरीच मुलं राहिलेली असली तर महिनोन्महिने एकाकडून दुसऱ्याकडे जाताना तो पुन्हा अंगात जोर आणू शकतो. म्हणूनच, रानटी टाइप २ (पोलिओ विषाणूचा एक प्रकार) जगातून गेल्यावर एप्रिल २०१६मध्ये थेंबांतून टाइप २ काढून टाकला आणि त्याची कसर भरायला नेहमीच्या लसीकरणात पोलिओचं इंजेक्शन आलं. ‘लशीमुळेही होतो म्हणे’ असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. राहिलेली मुलं शोधणं हाच त्यावरचा उपाय आहे, हे सांगा.

रोटरीचा संबंध १९८५पासूनचा. त्या वर्षी तिने पोलिओप्लस हा कार्यक्रम सुरू केला आणि १९८८मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी यांच्याबरोबर जागतिक मोहीम उभी राहिली. तेव्हा जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती. आणि मुलांना घरी एक काम द्या : आजी-आजोबांना ‘नारू’ म्हणजे काय ते विचारून या. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, पाण्यातल्या बारीक किड्यांमधून जंत पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून दोरा बाहेर यायचा. त्यावर ना लस होती, ना औषध. फडक्याने पाणी गाळून आणि विहिरींच्या पायऱ्या बुजवून तो हटवला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. निर्मूलन म्हणजे काय, हे मुलांना पोलिओपेक्षाही नारूवरून चटकन कळेल.

प्रश्न : तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आमच्या क्लबला पल्स पोलिओच्या कामात मदत मागितली आहे. आमच्याकडे पंचवीस स्वयंसेवक आहेत, त्यातले निम्मे कॉलेजचे. नेमकं काय करायचं? (क्लबचे सचिव, शहादा)

बॅनर छापायला टाकण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मोहिमेच्या दोन-तीन आठवडे आधी तिथे सूक्ष्म नियोजन बनतं : कोणता बूथ कुठे, कोणतं पथक कोणत्या दिवशी कोणत्या गल्लीत. तो कागद मागून घ्या आणि तुमच्या माणसांनी त्यातलं काय सुटलंय ते शोधा. गावठाण, वाडा, शाळेजवळची वस्ती बहुधा कागदावर असते. सुटतात ते शेतातले पाडे, वीटभट्ट्या, जिनिंगच्या आवारातली मजुरांची खोपटी, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतली मजूर कुटुंबं, रस्त्याचं काम चाललेल्या ठिकाणचे तंबू आणि मेंढपाळांचे तळ.

खानदेशात याद्या दोन कराव्या लागतात. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्याच्या डोंगराळ भागातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. त्याच दिवसांत बाहेरची कुटुंबं इकडच्या भट्ट्यांवर आणि जिनांवर आलेली असतात. ‘गेलेली’ यादी आणि ‘आलेली’ यादी वेगळी ठेवा. गेलेल्यांची मुलं परत आली की त्यांचं नेहमीचं लसीकरण कुठवर झालंय, ते आशाताईंबरोबर बसून पाहावं लागतं. ते काम होळीनंतरचं आहे. मोहिमेचा गाजावाजा संपल्यावर क्लबची खरी गरज तिथेच असते.

आता बूथ. रविवारी सकाळी आठला सुरू करायचा. टेबल सावलीत हवं, आणि दुपारी एक वाजता सावली कुठे सरकते ते आदल्या दिवशी बघून ठेवा. आपल्याकडे फेब्रुवारीतही दुपार तापते. लशीच्या कॅरियरमध्ये चार आईसपॅक असतात. झाकण घट्ट लावलेलं हवं. ‘किती उरली’ हे बघायला ते सारखं उघडलं की आतलं तापमान चढतं. कॅरियर मोटरसायकलच्या टाकीवर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवायचा नाही. वापरातली एकच कुपी बाहेर, तीही आईसपॅकवर.

प्रत्येक कुपीवर एक जांभळं वर्तुळ असतं आणि त्याच्या आत फिकट चौकोन. त्याला व्हीव्हीएम म्हणतात. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. दोन्ही रंग सारखे झाले किंवा चौकोन जास्त गडद झाला की कुपी बाजूला ठेवून पर्यवेक्षकाला सांगायचं. हे बघायला कुठलंही शिक्षण लागत नाही. नजर मात्र दर कुपीला टाकावी लागते. कॉलेजच्या एका मुलाला दिवसभर एवढं एकच काम द्या.

थेंब दोन, आणि ते प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच पाजायचे. कुपीचं टोक बाळाच्या ओठाला किंवा जिभेला लागू द्यायचं नाही. बाळाने थुंकलं तर पुन्हा द्यायचे. आधी थेंब, मग डाव्या करंगळीला शाई. ही उलटापालट फार होते. गर्दीत मूल समोर येतं, शाईवाला मोकळा असतो, तो खूण करून टाकतो आणि थेंब राहून जातात. पुढचे पाच दिवस प्रत्येक पथक ती करंगळी बघून पुढे जाणार. शाई नख आणि त्याच्या मुळाजवळची कातडी दोन्हीकडे लावा आणि वाळेपर्यंत हात धरून ठेवा, नाहीतर बाळ ती तोंडात घालतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांनी कुपीला हात लावायचा नाही. त्यांच्यासाठी याहून मोठं काम आहे. उत्तर प्रदेशात शाळकरी मुलांच्या ‘बुलावा टोळ्या’ काढत : सकाळी गल्लीत फिरून बाळांना बूथवर घेऊन यायचं. आपल्याकडे तेच करा, पण हिशोबाने. एका मुलाकडे किंवा मुलीकडे दहा घरं आणि एक वही. प्रत्येक घरापुढे पाच वर्षांखालची किती, बूथवर आली किती. संध्याकाळी पाचला त्या वहीत ज्या घरापुढे आकडा जुळत नाही, तिथे त्यानेच आईबरोबर किंवा ताईबरोबर पुन्हा जायचं. दहा घरांचा हिशोब ज्याने एकदा स्वतः जुळवला, त्याला नेतृत्वाचं वेगळं भाषण ऐकवावं लागत नाही.

सोमवारपासून घरोघर भेटी. ज्या घरातली सगळी मुलं झाली त्या घरावर ‘पी’, आणि मूल राहिलं असेल किंवा घराला कुलूप असेल तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं असतं, आणि स्वयंसेवक बहुतेक इथेच संपलेले असतात, कारण सगळ्यांची उमेद रविवारीच खर्च होते. पंचवीस जणांपैकी दहाच रविवारी बोलवा. उरलेले पंधरा मंगळवार ते शुक्रवार सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी सहानंतर फुलीच्या घरांसाठी राखून ठेवा. दुपारी अकराला शेतकऱ्याच्या घरी जाऊन उपयोग नाही.

दारात काय विचारता, यावर बरंच अवलंबून आहे. ‘घरात लहान मूल आहे का?’ म्हटलं की उत्तर येतं, ‘नाही’. कारण मूल आईबरोबर शेतात झोळीत असतं. वेगवेगळं विचारा : पाच वर्षांखालची किती? कुणी शेतावर गेलंय? कुणी झोपलंय? माहेरपणाला किंवा पाहुणी म्हणून आलेली कुणी मुलं घेऊन आली आहे? नवं बाळंतपण झालंय? अहिराणी घरात अहिराणीतच विचारा, ‘धाकला पोऱ्या शे का घरमा?’ पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या पाड्यावर ती भाषा येणारा मुलगा पुढे ठेवा, मग तो क्लबचा सगळ्यात धाकटा सदस्य का असेना. नकार देणाऱ्या घरी वाद घालू नका. त्या घराला ज्यांचा शब्द पटतो ती व्यक्ती, म्हणजे दाई, शाळेतल्या बाई, गावचा कारभारी, दुसऱ्या दिवशी बरोबर न्या.

ज्या मोहिमांत बसस्टँड आणि रेल्वे स्टेशनवर पथकं असतात, तिथे माणूसबळ नेहमी कमी पडतं. सुरत–भुसावळ मार्गावरच्या स्टेशनांवर आणि सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत दोन-दोन जणांच्या जोड्या द्या.

प्रश्न : बाळाला जुलाब होत असले, किंवा मागच्याच आठवड्यात डोस झाला असला, तरी थेंब द्यायचे का? दारात उत्तर देताना अडखळायला होतं. (महिला स्वयंसेविका, यावल)

द्यायचे. सर्दी, किरकोळ ताप, जुलाब यांमुळे डोस थांबवायचा नाही. बाळ फार आजारी असेल, दवाखान्यात भरती असेल, तर डॉक्टरांना विचारा. मागच्या आठवड्यात नेहमीचा डोस झाला असला तरी मोहिमेतला जादा डोस चालतो, अपाय होत नाही. कालच जन्मलेल्या बाळालाही द्यायचे. ‘एवढंसं आहे, राहू द्या’ हे आजीचं म्हणणं मायेचं असतं, पण जन्मानंतर पंधरा दिवसांच्या आत ‘शून्य’ डोस मिळायलाच हवा. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना थेंब आणि सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. इंजेक्शनच्या तीन मात्रा : सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर. थेंबांनंतर लगेच अंगावर पाजलं तरी चालतं. मोहिमेचे थेंब हे या नेहमीच्या लसीकरणाऐवजी नाहीत, त्याच्या जोडीला आहेत. प्रत्येक घरी लसीकरण कार्ड बघायला मागा.

प्रश्न : पाड्यावर एखादं मूल अचानक लुळं पडलं तर रोटरॅक्टच्या (रोटरीच्या युवक-क्लबच्या) पोरांनी काय करावं? (महाविद्यालयीन विद्यार्थी, साक्री)

त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात किंवा पायात अचानक आलेला ढिला लुळेपणा, कारण काहीही वाटत असो, कळवलाच पाहिजे. ‘पडला असेल’, ‘इंजेक्शनचं झालं असेल’ हा निवाडा आपण करायचा नाही. बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं, तरी कळवणं चुकीचं ठरत नाही. उलट, अशा केसेस कळवल्याच जात नसतील तर त्या भागात कुणाचं लक्ष नाही, असा अर्थ निघतो.

पुढचं काम खात्याचं आहे, तुम्ही हातभार लावा. लुळेपणा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांत शौचाचे दोन नमुने लागतात, दोन्हींमध्ये किमान चोवीस तासांचं अंतर, प्रत्येक नमुना अंगठ्याच्या पेराएवढा, म्हणजे साधारण आठ ग्रॅम. ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जातात. घोळ होतो तो असा : घरचे मुलाला घेऊन आधी भगताकडे, मग खासगी दवाखान्यात, मग सुरतेला जातात आणि चौदा दिवस उलटतात. म्हणून मुलाबरोबर कोण गेलंय, त्याचा फोन नंबर आणि लुळेपणा सुरू झाल्याची तारीख लिहून घ्या. तारीख विचारताना बाजाराचा वार किंवा सण धरून विचारा, अंदाजाने सांगितलेली तारीख उपयोगाची नाही. साठ दिवसांनी त्या मुलाची पुन्हा तपासणी असते. तेव्हा ते कुटुंब मजुरीला कुठे गेलंय हे माहीत असणारा माणूस बहुधा पाड्यावरचाच असतो.

प्रश्न : आम्हाला आश्रमशाळेत एका दिवसात पाचशे मुलांची सिकलसेल तपासणी करायची आहे. हाही रोग हटवण्याचाच कार्यक्रम ना? (रोटरॅक्ट क्लब, नंदुरबार)

तुमची तळमळ समजते, पण आधी थोडं थांबा. सिकलसेल हा रक्ताचा आजार आईबापांकडून येतो, संसर्गाने पसरत नाही. पोलिओसारखा तो फेऱ्या करून हटत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट २०४७पर्यंतचं आहे, आणि त्यात बाधित भागातल्या ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी धरली आहे. पण तपासणी हे फक्त पहिलं पाऊल.

शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. थेंबभर रक्त द्रावणात मिसळतात. काही मिनिटांनी नळीमागच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. ही चाचणी वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांतला फरक सांगत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने कळतो. सहा महिन्यांखालच्या बाळात, खूप रक्तक्षय असलेल्या मुलात किंवा नुकतंच रक्त चढवलेल्या मुलात ती फसवू शकते.

म्हणून पाचशेचा आकडा सोडा. पहिल्या वेळी शंभर मुलं घ्या, आणि तारीख ठरवण्याआधी चार गोष्टी पक्क्या करा. पॉझिटिव्ह नमुने पुढच्या तपासणीला कोण नेणार आणि अहवाल किती दिवसांत येणार. तो अहवाल कोण, कुणाला, कुठे बसून सांगणार. एसएस निघालेल्या मुलाचे उपचार कोणत्या दवाखान्यात सुरू होणार. आणि पालकांची लेखी संमती व आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयाची परवानगी. तुमच्या जिल्ह्यात नंदुरबार आणि तळोदा ही दोन प्रकल्प कार्यालयं आहेत, शाळा कोणत्या कार्यालयाखाली येते ते बघा. पालक एरवी पाड्यावर किंवा परजिल्ह्यात असतात. शाळा सुरू होताना जूनमध्ये ते मुलांना सोडायला येतात, संमती तेव्हाच घ्यावी.

सगळ्यात मोठी हानी होते ती मैदानात नावं वाचून दाखवल्याने. कृपा करून हे कधीही होऊ देऊ नका. वाहक मुलगी पूर्ण निरोगी असते, तरी ‘हिला सिकल आहे’ एवढ्या वाक्याने तिचं लग्न अडतं. अहवाल एकेकाला, बंद खोलीत, पालकासमोर. त्याच वेळी हे समजावून सांगा : नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, आणि काहीच नसण्याची चारात एक. ‘प्रत्येक’ या शब्दावर जोर द्या. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा गैरसमज फार पसरलेला आहे. तो मोडायला चार खडे आणि एक पिशवी पुरते : एक लाल, दोन करडे, एक पांढरा. एक काढा, रंग सांगा, परत टाका, पुन्हा काढा. परत टाकल्याशिवाय पुढचा काढायचा नाही, यातच सगळं आलं.

वर्षभर करण्याजोगं काम शाळेतच आहे. एसएस असलेल्या मुलाच्या बाकावर पाण्याची बाटली हवी आणि लघवीला जायची मुभा हवी, कारण अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अडकतात आणि हाडं ठणकतात. उन्हात उभं करणं, मैदानाला फेऱ्या मारायला लावणं, थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळ हे त्याच्यासाठी बंद. फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर हायड्रॉक्सियुरिया रोज ठरल्या वेळी, आणि हायड्रॉक्सियुरिया चालू असताना रक्ताची वेळच्या वेळी तपासणी. ताप आला, धाप लागली, पोट एकदम फुगलं किंवा डोळे-तळवे अचानक पांढरे पडले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. रात्री गाडी कुणाची, हे वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलेलं असावं. क्लबच्या चार सदस्यांनी आळीपाळीने ही रात्रीची जबाबदारी घेतली तर पाचशेच्या शिबिरापेक्षा ते काम मोठं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : क्षयरुग्णांना पोषण किट देतो. त्यात काय आणि किती द्यावं? (क्लबचे खजिनदार, अमळनेर)

निक्षय मित्र या क्षयरुग्णांना मदत करण्याच्या सरकारी योजनेत मोठ्या माणसासाठी महिन्याचं माप असं आहे : धान्य ३ किलो, डाळ १.५ किलो, तेल २५० ग्रॅम, आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे १ किलो. धान्य म्हणून दादर (ज्वारी) किंवा बाजरी द्या, घरात रोज भाकरीच होते. डाळीत तूर आणि उडीद अर्धी-अर्धी. आपल्याकडे दूध पावडर पडून राहते, शेंगदाणे संपतात, म्हणून शेंगदाणेच घ्या. बिस्किटं आणि ‘शक्तिवर्धक’ पावडरीचे डबे यांत पैसे घालू नका.

किट एकदाच देऊन काही साधत नाही. औषधं किमान सहा महिने चालतात, तेवढे महिने किट ठरल्या तारखेला पोचलं पाहिजे. बारा रुग्णांना एकेकदा देण्यापेक्षा दोघांना सहा महिने द्या, खर्च तेवढाच. दर महिन्याला वजन लिहा. वजन वाढत नसेल तर किट घरातली सगळी माणसं खात आहेत, असं बहुधा निघतं, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. झारखंडात झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासात रुग्णाच्या घरच्यांनाही शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. जमलं तर घरच्यांसाठी वेगळी पिशवी द्या. सरकारकडून उपचाराच्या काळात महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. ते येत नसतील तर बँक खात्याची किंवा आधारची अडचण सोडवून देणं हे किटइतकंच मोलाचं काम आहे. आणि रुग्णाचा हातात पिशवी घेतलेला फोटो कुठेही टाकायचा नाही.

प्रश्न : आमचा क्लब तीन दिवसांचं रायला (रोटरीचं तरुणांसाठीचं नेतृत्व-शिबिर) घेतो. मुलं खूश होऊन जातात, पण पुढे काही होत नाही. काय चुकतं? (युवक-सेवा संचालक, भुसावळ)

बहुधा दोन गोष्टी : मुलं कोण निवडली, आणि चौथ्या दिवशी काय.

निवड करताना मुख्याध्यापक वक्तृत्वातली पहिली दोन नावं पाठवतात, आणि तीच मुलं सगळ्या शिबिरांत दिसतात. साठ जागा असतील तर तीस मुलींसाठी ठेवा, वीस आश्रमशाळा आणि खेड्यातल्या शाळांसाठी. शाळेला ‘हुशार’ मुलगा मागू नका. ‘न सांगता काम करणारा’ मागा. रायलाचा वयोगट १४ ते ३० असा ऐसपैस आहे. चौदाच्या मुलीला आणि पंचविशीच्या तरुणाला एकाच गटात बसवलं की धाकटी गप्प होतात. शाळेचं आणि कॉलेजचं शिबिर वेगळं घ्या.

मे महिना टाळा. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत मुलं काही शिकत नाहीत, फक्त तहानतात. डिसेंबर-जानेवारी बरा. दहा मुलांमागे एक मार्गदर्शक, मुलींच्या मुक्कामाला दोन महिला, प्रत्येक पालकाची लेखी संमती, कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही. हे नियम पहिल्याच सत्रात मुलांसमोर मोठ्याने वाचा, म्हणजे काही चुकलं तर बोलायचं कुणाशी हे त्यांना कळेल.

पाहुण्यांची भाषणं मिळून दिवसाला अर्धा तास. उरलेला वेळ कामाला. पहिल्या दिवशी प्रत्येक गटाने शेजारच्या वस्तीचा नकाशा पायी फिरून काढायचा : हातपंप, अंगणवाडी, सांडपाणी कुठे तुंबतं, पाच वर्षांखालची मुलं किती घरांत. दुसऱ्या दिवशी त्यातला एकच प्रश्न घेऊन ग्रामसेवकाला किंवा आरोग्य अधिकाऱ्याला अर्ज लिहायचा, एका पानात, तारीख आणि मागणी स्पष्ट. इथे मुलं अडतात. त्यांना निबंध येतो, अर्ज येत नाही. तीनदा लिहून घ्या. मग दोन मिनिटांत तो विषय आपल्या बोलीत सांगायचा. तिसऱ्या दिवशी गटाला पाचशे रुपये आणि नव्वद दिवसांचं एक काम द्या, बिलासकट हिशोब द्यायच्या अटीवर. तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी क्लबचा एक ठरलेला सदस्य फोन करेल, त्याचं नाव आणि तारखा शिबिराच्या फळ्यावर लिहा. काही गटांचं काम फसेल, फसू द्या. का फसलं हे मुलांनीच येऊन सांगावं, ओरडा न खाता.

प्रश्न : इंटरॅक्ट, रोटरॅक्ट, लिओ आणि एनएसएस यांत फरक काय? (विद्यार्थिनी, धुळे)

इंटरॅक्ट १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी, रोटरॅक्ट १८च्या पुढे, आणि दोन्ही रोटरीशी जोडलेले. रोटरॅक्टची तिशीची अट २०२०पासून उठली आहे. लिओ हे लायन्स क्लबचं युवक-मंडळ. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, ही १९६९ साली सुरू झालेली सरकारी योजना, वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं विशेष शिबिर. तुझ्या कॉलेजात एनएसएस असेल तर ती सोडू नकोस. बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या कॉलेजांत एनएसएसची दत्तक गावं असतात, तिथलं काम रोटरॅक्टने पुढे चालवलं तर दोघांचंही भलं होतं.

प्रश्न : दर जुलैत क्लबचा अध्यक्ष बदलतो आणि मागचं काम थांबतं. शाळेतल्या इंटरॅक्टचंही तेच. उपाय? (माजी अध्यक्ष, पाचोरा)

इंटरॅक्टपुरतं बोलायचं तर अध्यक्ष दहावीतला निवडू नका. दिवाळीनंतर तो अभ्यासात बुडतो. नववीतला किंवा अकरावीतला निवडा, आणि निवड मुलांना चिठ्ठ्या टाकून करू द्या. शिक्षकांनी नाव सुचवलं की ते पद शिक्षकांचं होतं.

क्लबसाठी एक जाड वही पुरेशी आहे. डाव्या पानावर वस्तीचं नाव, तिथल्या आशाताईंचा आणि ज्यांचं ऐकलं जातं त्या माणसाचा फोन, गेल्या मोहिमेत फुलीची राहिलेली घरं आणि त्यामागचं कारण. उजवं पान कोरं, पुढच्या वर्षीच्या माणसासाठी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जुन्या आणि नव्या अध्यक्षांनी मिळून त्यातल्या किमान पाच वस्त्यांवर जायचं, आणि जुन्याने नव्याची ओळख करून द्यायची. वही फोनमध्येही उतरवून ठेवा, पण मूळ वही आरोग्य केंद्रात ठेवू नका. तिथे अधिकारी बदलतात. शाळेच्या कपाटात ठेवा आणि किल्ली नववीतल्या मुलीकडे द्या.